दाढी ठाऊक, चित्रे नाहीत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुने गोव्यावरील आपल्या पुरवणीतल्या लेखात जुआंव दि कास्त्रो या पोर्तुगीज गव्हर्नराच्या दाढीची गोष्ट पुन्हा वाचली. 1546 साली दीवचा वेढा मोडला, पण कोट बांधायला पैसा नव्हता, तेव्हा त्याने दाढीचे केस तारण ठेवून गोवा शहराकडे कर्ज मागितले. गोष्ट खरी आणि मजेदारही. मात्र हा माणूस चित्रे काढायचा, याचा लेखात मागमूस नाही.

तो 1545 मध्ये गव्हर्नर झाला, पण गोव्यात पहिल्यांदा आला 1538 मध्ये. त्याच खेपेला आरमाराबरोबर दीवला जाताना त्याने वाटेतली बंदरे टिपून ठेवली. गोवा, दाभोळ, चौल असे करत थेट दीवपर्यंत. पेद्रो नुनिश या पोर्तुगीज गणितज्ञाकडे गणित शिकलेला असल्यामुळे पाण्याची खोली आणि होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते ते मोजण्यावर त्याचा कटाक्ष असे. चित्रे खलाशांच्या उपयोगाची, तरी नुसते नकाशे म्हणून ती बाजूला ठेवता येत नाहीत. खाडीचे तोंड, खडक, मागचे डोंगर, नांगरलेली गलबते, सगळे त्यांत आहे. घारापुरीची लेणी पाहून तो थक्क झाला आणि त्यांचे सविस्तर वर्णनही लिहून गेला.

म्हणून त्याच्या आरत्या ओवाळाव्यात असे नाही. ज्या दाभोळचे चित्र काढले, तेच पुढे सत्ता हाती आल्यावर त्याने जाळले. सौराष्ट्रातला संस्कृत शिलालेख पोर्तुगालात सिंत्राला त्याच्या मळ्यात जाऊन पोहोचला. पारख होती, म्हणूनच नेमका उचलला म्हणायचे!

मला खरे लिहायचे आहे ते तसबिरींविषयी. 1547 मध्ये त्याने आधीच्या सगळ्या गव्हर्नरांच्या तसबिरी करवून घेतल्या. काम सोपवले गास्पार कोरैय या बखरकाराकडे, कारण तो 1512 पासून इथे होता आणि बहुतेकांचे चेहरे त्याच्या डोळ्यांपुढे होते. कोरैयने वर्णन करायचे आणि चेहरे रंगवायचे इथल्याच एका चित्रकाराने. त्या माणसाला उपजत हात होता, असे स्वतः कोरैयने लिहिले आहे. नाव मात्र लिहिले नाही. पुढे शतकानुशतके या मालिकेत भर पडत गेली, तसबिरींच्या जुन्या लाकडी फळ्यांवर नवे रंग चढले, काही तसबिरी लिस्बनला गेल्या. उरलेल्या आज जुने गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. कास्त्रो स्वतः जून 1548 मध्ये गोव्यातच वारला.

पुरातत्त्व खात्याला आपल्या पत्रातून विनंती अशी, की कास्त्रोच्या बंदरांच्या चित्रांच्या प्रती पोर्तुगालातल्या कोइंब्रा विद्यापीठाकडून मागवून या तसबिरींशेजारी लावाव्यात. आणि त्या चित्रकाराविषयी मराठी-कोंकणीत चार ओळींचा फलक असावा. नाव नसले तरी ‘गोव्याचा चित्रकार’ एवढे लिहायला हरकत नसावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, फोंडा