सहा की नऊ?

भाऊ,

तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हीच म्हणालात, "नाव टाकू नका जी काकू, उद्या अर्धं नागपूर बॅटऱ्या घेऊन दारात उभं राहील." ठीक. पण पत्र लिहिणारच. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच स्टुलाखाली पान्हा शोधायला लागता, मग माणसानं बोलायचं कोणाशी?

महालक्ष्म्यांना दोन दिवस उरले होते. घरी भाज्या निवडायच्या पडलेल्या, आंबिलीचं पीठ दळून आणायचं राहिलेलं, आणि मी भर दुपारी अजनीच्या रेल्वे पुलाच्या चढावर, बॅटरीवरच्या स्कुटरला गिऱ्हाइकांच्या जेवणाचे बावीस डबे अडकवून उभी. गाडी बंद. कुरकुर नाही, धक्का नाही, फुंकर मारून दिवा विझवावा तशी गेली. मागचा ऑटोवाला हॉर्नवरचा हात काढायला तयार नाही. स्कुटरवरून जाणारा एक पोरगा म्हणाला, "चार्ज करून निघत जा ना आंटी." त्याला काय सांगू, की बंद पडायच्या क्षणापर्यंत डिस्प्लेवर दोन कांड्या शिल्लक होत्या!

तेवढ्यात तुम्ही थांबलात. मला वाटलं, आता हेही चार्जिंगचं प्रवचन देणार. तुम्ही गाडीकडे बघितलं, डब्यांकडे बघितलं आणि विचारलं, "बंद पडते तेव्हा डिस्प्ले बी विझते का, का फक्त मोटर थांबते?"

भाऊ, होळीपासून मी या गाडीपायी रडत होते. तोवर हा प्रश्न मला एकाही माणसानं विचारला नव्हता.

आता जिथून गाडी घेतली त्यांच्याविषयी. त्यांचंही नाव लिहीत नाही, पण ते तुमच्यासारखं प्रेमापोटी नाही. मी सहा वेळा गेले. मे महिन्यात गेले तर म्हणाले, "उन्हाळा आहे मॅडम, बॅटरी तापते." जुलैत गेले तर, "पावसाळा आहे मॅडम, ओल धरते." थंडीची वाट बघायला मला परवडणार नव्हतं, नाहीतर तोही ऋतू ऐकून आले असते. दर वेळी एकच रीत. गाडी संध्याकाळी सोडून जा. ते रात्रभर फुल चार्ज करणार, सकाळी एक पोरगा रिकाम्या गाडीवर सपाट रस्त्यानं एक चक्कर मारणार, आणि कागदावर शिक्का बसणार, ओके. एकदा कंट्रोलर बदलून दिला, ३२०० रुपये. एकदा चार्जर गळ्यात मारला. शेवटी म्हणाले, नवी बॅटरी घ्या, अठ्ठावीस हजार. आणि त्याच्याही आधी, पहिल्याच खेपेला, काउंटरमागच्या साहेबांनी माझ्याकडे न बघता माझ्या मुलाला सांगितलं होतं, "लेडीज लोक ब्रेक दाबून ठेवतात, त्यानं मोटर कट होते."

ब्रेक दाबला की मोटर कट होते हे खरं आहे, मलाही ठाऊक आहे. पण तेव्हा डिस्प्ले चालूच राहतो! हे मी तिथं तीनदा सांगितलं. रोज बावीस घरचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला गॅस संपला आणि बर्नर तुंबला यातला फरक कळतो. पण काउंटरच्या अलीकडून बोललेलं पलीकडे पोचत नसावं. मुलगासुद्धा घरी येताना म्हणाला, "आई, खरंच दाबत नाहीस ना?" त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल भागात मारबतीची मिरवणूक निघाली. लोक ओरडत होते, ईडा पीडा रोगराई घेऊन जा गे मारबत, तेव्हा मी गर्दीत उभी राहून त्या काउंटरचंही नाव घेतलं. गर्दीत कोणाला काय ऐकू येतंय!

तर, पुलावर. मी म्हटलं, डिस्प्लेही विझतो. तुम्ही नुसतं "हं" म्हणालात आणि म्हणालात, "चला, आधी डबे." आणि पाय लावून माझी गाडी ढकलत धंतोलीपर्यंत आणली. तीन दवाखान्यांच्या दारांत तुम्ही उन्हात थांबलात. दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांची बिनतिखटाची मूगखिचडी त्या दिवशी फक्त दहा मिनिटं उशिरा पोचली. आजींनी डबा हातात घेताना घड्याळही बघितलं नाही.

ही गोष्ट ऐकणाऱ्या सगळ्यांना वाटतं, एवढं ढकलत नेलं, हाच तो मोठा उपकार. मोठा आहेच. पण मला रात्री झोपताना जे आठवतं ते वेगळंच, आणि त्याला तर पेट्रोलही लागलं नव्हतं.

तुम्ही म्हणाला होतात, उद्या डबे पोचवून झाले की तशीच या. "चार्ज करू नका. थकलेलीच आणा." एवढ्या एका वाक्यात त्या सहा खेपांचा निकाल लागला. दुखणं चढावर आणि अर्ध्या पोटी उठत होतं, अन् ते लोक तिला पोटभर जेवू घालून सपाटीवर फिरवत होते.

दुसऱ्या दिवशी आले. टिनाची शेड, ई-रिक्षांच्या उघड्या पडलेल्या बॅटऱ्या, कोपऱ्यात वाळूनं भरलेली बादली. ती बादली बघून मला जरा बरंही वाटलं आणि भीतीही वाटली, कारण २०२२ च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक गाड्या पेटल्याच्या बातम्या घरोघरी पाहिल्या होत्या. तुम्ही माझ्या हातांकडे बघून म्हणालात, "काचेच्या राहू द्या, ती पाटली काढून ठेवा. जवळ बसणार असाल तर." म्हणजे मी जवळ बसणार हे तुम्ही धरूनच चालला होतात. बाकी ठिकाणी मला प्लास्टिकच्या खुर्चीवर, पंख्याखाली, 'कस्टमर' म्हणून बसवतात.

बॅटरीचं झाकण निघालं. आत नुसती गर्दी. अंगठ्याएवढे निळे सेल, रांगेनं. तुम्ही सांगितलंत, एकूण १३० आहेत, दहा-दहाचे तेरा जोड. तुम्ही वायरींच्या बारीक जोडाला मीटरच्या दोन सुया लावल्या आणि मग, भाऊ, तुम्ही तो मीटर उचलून उलटा फिरवला. आकडे माझ्याकडे सरळ, तुमच्याकडे डोक्यावर. खोक्याचा एक पुठ्ठा फाडून माझ्या मांडीवर ठेवलात, पेन्सिल दिलीत आणि म्हणालात, "काकू, तुम्ही वाचा अन् लिहा. माझे दोन्ही हात गुंतलेले आहेत."

हात गुंतलेले होतेच, नाही म्हणत नाही. पण शेडमध्ये तुमचा पोऱ्याही होता. त्याला सांगता आलं असतं.

मी वाचायला लागले. ३.७१ व्होल्ट. ३.७०. ३.७१. शाळेत पाढे म्हणायचे तसा आवाज लागला माझा. सातव्या जोडाला ३.३८. मी थांबले. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसते माझ्याकडे बघून हसलात, जणू ती चोरी मीच पकडली होती. पुढचे सगळे पुन्हा ३.७० च्या आसपास.

मग तुम्ही जुन्या हेडलाइटच्या हॅलोजन बल्बांची ती पट्टी जोडलीत, चढावर पडतो तसा भार द्यायला. शेड पिवळीधमक झाली. सातव्यावर सुया. ३.२०. ३.०८. आकडा उतरतोय आणि मी ओरडून वाचतेय. तुमच्या बाजूनं उलटं बघत तुम्ही विचारलंत, "दोन पॉइंट नऊ... पुढं सहा की नऊ?"

"सहा!"

२.९६. २.८७. मग २.८० च्या खाली गेला आणि सगळे बल्ब एकदम गेले. अगदी तसेच, अजनीच्या पुलावर जायचे तसे. शेडमधल्या त्या अचानक अंधाराला मी टाळ्या वाजवल्या असत्या. मी सहा महिने जे सांगत होते ते माझ्याच अक्षरात पुठ्ठ्यावर लिहिलेलं होतं.

तुम्ही समजावलंत ते मी माझ्या भाषेत घरी सांगितलं. तेरा जणांची पंगत बसलीय. बाराजणांच्या पानात वाढलंय, सातव्याच्या पानात अर्धंच. तो उपाशी उठला की वाढपी, म्हणजे ते आतलं बीएमएस, सेलांवर पहारा ठेवणारं सर्किट, सगळी पंगतच मोडतं, कारण त्या सेलला आणखी पिळलं तर तो कायमचा जाईल. ते त्याचं कामच आहे, बिघाड नाही. शोरूमवाले पूर्ण पंगतीचं वजन करायचे, एकूण व्होल्ट बरोबर भरायचे, म्हणायचे सगळे जेवलेत. आणि थोडा दम खाल्ला की सातवा पुन्हा सावरायचा, म्हणून पाच मिनिटांनी गाडी आपोआप सुरू व्हायची आणि मी खोटी पडायचे.

कारण निघालं ते इतकंसं. त्या जोडातल्या दहापैकी चार सेलांवरची पत्र्याची पट्टी वेल्डिंगमधून सुटलेली. दहा जणांचं ओझं सहाजण ओढत होते. बॅटरीखाली जिथं फोम असायला हवा तिथं काहीच नव्हतं, आणि रस्त्यांचं तुम्हाला-मला काय सांगायचं. दुरुस्ती कशी केलीत ते इथं लिहीत नाही, तुम्हीच बजावलंय की हे घरी कोणी उघडू नये, सेलला साधी सोल्डरिंग लावू नये. दोन दिवस घेतलेत, कारण सुटलेले सेल बाकीच्यांच्या पातळीला आणल्याशिवाय जोडायचे नव्हते. खाली सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून अंथरल्यात. घेतलेत किती, नऊशे. मी पंधराशे पुढे केले तर सहाशे परत दिलेत, आणि वर एक सूचना: घरी आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, तासभर निवू द्या, उन्हाळ्यात तर नक्कीच.

उन्हाळ्यावरून आठवलं. २०१३ च्या मे महिन्यात इथला पारा ४७.९ वर गेला होता. तेव्हा मी डबे पायी आणि सिटी बसनं पोचवायची. रस्त्यानं लोकांनी दारापुढे माठ ठेवलेले असायचे, वर ओलं फडकं, साखळीला बांधलेला पेला. कोणाचा माठ, कोण भरतं, कधी कळलं नाही. पाणी पिणाऱ्याला कोणी विचारायचं नाही की तू उन्हात निघालासच कशाला. मला वाटतं चांगुलपणाची अर्धी ओळख तिथंच होते. मदत तर पुष्कळ लोक करतात. पण करताना समोरच्याला मूर्ख ठरवून घेतात, तेवढी वसुली करूनच सोडतात. माझ्या ओळखीचे एक भले गृहस्थ आहेत, गाडी बंद पडली की दर वेळी फोनवर उपाय सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "तुम्हाला नाही जमणार ते, मुलाला द्या फोन." चांगलेच आहेत ते. दिवाळीला फराळ पाठवते त्यांना. पण मीटर त्यांनी माझ्याकडे फिरवला नसता.

आणि मी ही गाडी घेतली होती कशासाठी? ताशी २५ च्या पुढे जात नाही, मोटर २५० वॅटची, म्हणून लायसन्स लागत नाही, पासिंग लागत नाही. पन्नाशीनंतर पहिल्यांदा कोणालाही न विचारता मी घराबाहेर पडायला लागले होते. होळीनंतर ते गेलं. निघताना मुलाला सांगून निघायचं, फोन चार्ज आहे ना बघायचं, चढ टाळून लांबचा रस्ता घ्यायचा. नवरा म्हणायचा, "विकून टाक ती भानगड." विकणारच होते मी. गिऱ्हाईकही आलं होतं.

परवा अजनीचा पूल बावीस डब्यांसकट चढले, एकच कांडी शिल्लक असताना, मुद्दाम. वर पोचल्यावर गाडी कडेला घेतली आणि उगाच थांबले. खालून एक मालगाडी चालली होती, तिचे डबे मोजले. छप्पन्न झाले, मग मागून कोणीतरी हॉर्न दिला.

पुठ्ठा मी आणलाय. स्वयंपाकघरात, दुधाच्या हिशोबाच्या कॅलेंडरशेजारी खिळ्याला लावलाय. ३.३८ च्या भोवती मी गोल केलाय. मुलानं बघितला, वाचला, काही बोलला नाही. संध्याकाळी येताना न सांगता कोथिंबीर घेऊन आला. त्याच्या भाषेत ती माफी असते.

महालक्ष्म्यांच्या प्रसादाचा डबा तुमच्याकडे पाठवला होता, तो घासून, पुसून, आत खडीसाखर घालून परत आला. रिकामा डबा परत पाठवू नये हे तुम्हाला कोणी शिकवलं, आईनं की आजीनं, हे विचारायचंय. आता सोमवारपासून माझ्याकडून तेविसावा डबा तुमच्या शेडवर येणार आहे. पैशाचं बोललात तर मीही स्टुलाखाली काहीतरी शोधायला लागेन. फक्त तुम्ही मला सगळं नीट विचारलंत आणि मी तुम्हाला एक विचारायची राहिले: तिखट किती चालतं?

तुमची,
मानेवाड्याची डबेवाली काकू