इरोरीजवळ बसू देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

कावासाकी येथील निहोन मिंका-एन या जुन्या घरांच्या संग्रहालयात आपण माझ्या आईसाठी जे केले, त्याबद्दल हे आभाराचे पत्र. आपले नाव विचारायचे राहून गेले. आपणही सांगितले नाहीत.

देशाच्या निरनिराळ्या भागांतून उतरवून आणलेली आणि टेकडीच्या उतारावर पुन्हा उभी केलेली ती घरे, १९६७ साली सुरू झालेले हे संग्रहालय, कितामुरा घराच्या लाकडावर शाईने लिहिलेले १६८७ हे साल, असे सगळे मी आईला फलकांवरून वाचून दाखवीत होतो आणि ती मुकाट्याने ऐकत होती. कुदो घरात माणसांच्या खोल्यांना काटकोनात जोडलेला घोड्यांचा तबेला पाहून मात्र ती म्हणाली, "बरोबर आहे, रात्री जनावर कानाशी असलेले बरे." पुढे एका घरातल्या इरोरीत, म्हणजे जमिनीतल्या चौकोनी चुलीत, आपण लाकडे सारत होतात. हा पाहुण्यांसाठी मांडलेला देखावा असावा, असे मला वाटले होते. आपण बोटाने वर दाखवलेत आणि माझ्या मोडक्यातोडक्या जपानीला सांभाळून घेत समजावलेत की धुराने छपरातले गवत कोरडे राहते, किडे लागत नाहीत आणि दोरखंडांच्या गाठीही टिकतात. म्हणूनच तुम्ही स्वयंसेवक आळीपाळीने येऊन चूल पेटवता.

ते मी मराठीत सांगण्याआधीच आईला कळले होते. कोकणातल्या पेंढ्याच्या घरात ती वाढली. दर उन्हाळ्यात शाकारणीच्या वेळी सुंभ ओलवून देण्याचे काम तिच्याकडे असे. गुडघे दुखत असल्यामुळे तिला मांडी घालता येत नाही हे ओळखून आपण तिला उंबऱ्याशी बसवलेत, आणि पुढचा अर्धा तास आपण जपानीत व ती मराठीत, गवत आणि गाठी यांविषयी बोलत राहिलात. मी दुभाषा म्हणून फारसा उपयोगी पडलो नाही, आणि त्याचे मला अजिबात वाईट वाटले नाही.

सोबत आमच्या घराच्या आढ्याचे छायाचित्र पाठवीत आहे. वर कौले चढली त्याला बरीच वर्षे झाली, पण खालचे वासे अजून काळेच आहेत. ते नीट दिसावेत म्हणून आईने मला विजेरी घेऊन पुन्हा माळ्यावर पाठवले.

आपला कृतज्ञ,
एक पाहुणा