आई-बाबा, मी जैसलमेरलाच राहतेय

जैसलमेर

ती. आई व ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की आई ‘जेवलीस का’ वर येते आणि बाबा बातम्यांचा आवाज वाढवतात. म्हणून पत्रच लिहायला बसले. साताऱ्याच्या कॉलेजची नोकरी मी घेत नाहीये. तसं त्यांना कळवलंसुद्धा. इथल्या कामाची मुदत तीन वर्षांनी वाढलीय आणि मी कागदावर सही केलीय.

आता लगेच ‘हिला आमचं काही पडलेलं नाही’ असं करू नका. पडलंय, म्हणून तर इतकं लांबलचक लिहितेय. साताऱ्याहून दर शनिवारी घरी येता आलं असतं, हे मलाही कळतं. पण तिथे माझ्या जागी शिकवणारे पन्नास जण उभे आहेत. इथे उन्हात बसून गुग्गुळाची रोपं मोजायला कुणी तयार होत नाही हो.

हो बाबा, तोच. तुमच्या उशाशी ज्याची बाटली असते त्या योगराज गुग्गुळातला गुग्गुळ. जेमतेम पुरुषभर उंचीचं काटेरी झुडूप. वर्षाचा बराचसा काळ अंगावर पान नसतं, बघणाऱ्याला वाटावं मेलंय. सालीचा पापुद्रा नखाने सोलला तर आत हिरवंगार. डिंकासाठी त्याला थंडीच्या अखेरीस चीर देतात. जुने लोक उथळ चीर देत, थांबत, झाडाला भरून यायला वेळ देत. आता जास्त डिंक मिळावा म्हणून चिरेत रसायन भरतात. त्या मोसमात डिंक भरपूर मिळतो आणि पुढे झाडच वाळून जातं. डिंक धरण्याजोगं व्हायला झाडाला आठ-दहा वर्षं लागतात, तेव्हा हिशेब तुम्हीच मांडा. 2015 पासून धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत ते ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून आहे, म्हणजे त्यापुढची पायरी रानातून नामशेष व्हायची.

फांदी खोचली की रोप होतं, पण ती एकाच झाडाची नक्कल. एक रोग आला की सगळी एकदम जायची. म्हणून आम्ही बियांच्या मागे लागलोय, आणि बी मेलं फार कमी रुजतं. काळ्या बिया त्यातल्या त्यात बऱ्या, पांढरट निघाल्या की बहुतेक पोकळ. संध्याकाळी मी आणि इथली दोन पोरं ताटात बिया पसरून निवडत बसतो. आई, तू बघितलंस तर म्हणशील, तांदूळ निवडायला सांगितले की हिच्या पोटात दुखायचं! आत्ता लावलेली रोपं जगली की गेली हे दोन-तीन उन्हाळे बघितल्याशिवाय सांगता येत नाही. मधेच उठून आले तर आजवरचं मातीत.

आणि तू म्हणतेस तसं हे ‘नुसतं रेताड’ नाहीये गं. गणपतीला तू शमी वाहतेस ना, ती शमी म्हणजे इथली खेजडी. तिच्या शेंगांची, सांगरीची भाजी मी आठवड्यातून दोनदा तरी खाते. जोधपूरजवळ खेजडली गाव आहे. तिथे 1730 मध्ये राजाची माणसं चुनाभट्टीसाठी खेजड्या तोडायला आली, तेव्हा अमृतादेवींनी झाडाला मिठी मारली. त्यांच्यासह 363 बिश्नोई माणसांनी जीव दिला. मी तिथे गेले होते तेव्हा नुसती बसून राहिले. बाबा, तुम्ही असतात तर डोळे पुसले असतेत आणि ऊन लागलं म्हणाला असतात.

आम्ही रोपं लावतो ते ओरणात. ओरण म्हणजे आपल्या देवराईसारखंच, देवाच्या नावाने राखलेलं रान. कुऱ्हाड लावायची नाही. पण आपल्या देवराईसारखी गच्च सावली इथे नसते. सेवण गवत, फोगाची झुडपं, मधून एखादं रोहिड्याचं झाड. मार्च उजाडला की रोहिडा केशरी फुलांनी असा लगडतो की उंटवाले पण मान वर करतात. सरकारी कागदावर यातली पुष्कळ जमीन ‘पडीक’. पडीक म्हटलं की वर सौर प्रकल्प उभारायला मोकळी. वीज सगळ्यांनाच हवी, मलाही कूलर लागतो, पण देवाचं रानच का हवंय? त्या प्रकल्पांच्या वीजतारांना धडकून माळढोक मरतात. सोलापूरजवळ नान्नजला आपण दुर्बीण लावून दिवसभर बसलो होतो आणि एकही दिसला नव्हता, आठवतंय? इथे मी पाहिला. बाबा, खरंच पाहिला. पहिली आठवण तुमचीच आली.

तशी खडुला दिसली तेव्हाही. खर्चुडीचीच एक जात. कासला तुम्ही मला पोटावर झोपवून खर्चुडीचं फूल दाखवलं होतंत आणि आई फ्रॉकवरून ओरडली होती. चिमुकला कंदील, आत शिरलेली माशी आतल्या केसांमुळे अडकते आणि केस वाळले की सुटून पराग घेऊन दुसऱ्या फुलावर जाते. ‘कैद नाही गं, पाहुणचार आहे,’ असं म्हणाला होतात. मी अजून पोरांना तसंच सांगते.

माझी काळजी करू नका. पिण्याचं पाणी कालव्याचं येतं. घरमालकीणबाई दूध मोजताना माप हमखास सांडू देतात. भाकरी बाजरीची, वर तूप, म्हणजे आईच्या कसोटीवर मी पास. साप असतात, पण बूट घोट्याच्या वर आहेत आणि बॅटरी घेतल्याशिवाय मी रात्री बाहेर पडत नाही. मोठं काही लागलं तर जोधपूरला एम्स आहे. लग्नाचं तुम्ही या पत्राला उत्तर देताना लिहू नका, वेगळं लिहा.

आता तुमचं. बाबा, टाकीवर चढायचं नाही. पाणी आलं की नाही हे खालूनही कळतं. गुग्गुळ घेताय हे हृदयाच्या डॉक्टरांना सांगा, आयुर्वेदिक आहे म्हणून लपवायचं नसतं, रक्तदाबाच्या काही गोळ्यांचा गुण त्याने कमी होतो. आई, मोतीबिंदूचं दिवाळीनंतर-दिवाळीनंतर चाललंय, ते आता नाही. तारीख घे, मी पंधरा दिवस येऊन राहते. रजा मागून ठेवलीय. न्हाणीघरात दांडा बसवायला माणूस पाठवतेय, त्याला चहा पाजून परत पाठवू नका, आणि कमोडचा विषय निघाला की माझं नाव सांगून मोकळे व्हा. महिन्याचे पैसे पाच तारखेला येतील, ते फिक्स्डमध्ये टाकायचे नाहीत, खर्चायचे.

आणि जानेवारीत इकडे या. पुण्याहून जोधपूरला थेट गाडी आहे, पुढे मी घ्यायला येते. खालचे बर्थ काढते. जैसलमेरजवळच्या आकलला नेईन. अठरा कोटी वर्षांपूर्वीची झाडं दगड होऊन माळावर पडलीत. एवढ्या रखरखाटात कधीकाळी उंच जंगल होतं, हे बाबांना हात लावून बघायचं असेल. आई, तुला तिथे कंटाळा येणार हे ठाऊक आहे, तुझ्यासाठी बांधणीचा बाजार राखून ठेवलाय. रात्री थंडी मरणाची पडते. शाल नको, स्वेटरच आणा, आणि बाबांची ती भोकं पडलेली कानटोपी आणलीत तर मी स्टेशनवरच फेकून देईन.

रागावला असाल तर रागावा, पण शनिवारी फोन उचला.

तुमची,
मनू

ता. क. साताऱ्याच्या जोशी सरांना तुम्ही परस्पर फोन करू नका. मी बोललेय त्यांच्याशी.