उतरलेल्या पट्टीतलं गाणं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला पाश्चात्त्य रॉक आणि लोकसंगीतातल्या ज्येष्ठ कलावंतांवरचा लेख दोनदा वाचला. ऐंशीच्या आसपास पोचलेल्या या मंडळींनी आता मानानं थांबावं, आवाज गेलेला असताना मंचावर उभं राहून स्वतःच्याच गाण्यांची रया घालवू नये, असा लेखाचा सूर होता. त्यात पैशासाठी गातात हा टोमणाही होता. मला हे मुळीच पटलं नाही, म्हणून हे पत्र.

मी एका शाळेत 27 वर्षं संगीत शिकवलं. 2009 साली थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. बोलणं काही महिन्यांत परत आलं, गाणं आलं नाही. काळी चारमध्ये गाणारी मी, मध्यमाच्या वर गेले की नुसती हवा बाहेर पडायची. तपासायला गेले तर डॉक्टर म्हणाले, "आता या वयात गाऊन काय करायचंय?" मी तंबोऱ्याला गवसणी घातली ती आठ वर्षं काढली नाही. 2017 साली मुलाकडे इंग्लंडला गेले होते. तिथे एका संध्याकाळी त्यानं इंग्लिश लोकगीतं गाणाऱ्या शर्ली कॉलिन्स यांची 'लोडस्टार' ही रेकॉर्ड लावली. आवाज ऐकून मी विचारलं, कोण या आजी? मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही.

शर्ली कॉलिन्स यांचा जन्म 1935 सालचा, इंग्लंडच्या दक्षिणेला ससेक्समधला. युद्धाच्या दिवसांत विमानांचे हल्ले सुरू झाले की मुलं आश्रयाच्या खंदकात जात, आणि तिथे आजोबा शर्ली आणि तिची बहीण डॉली यांना गाणी म्हणून दाखवत. म्हणजे त्यांना गाणं मिळालं तेच एका म्हाताऱ्या गळ्यातून. पुढे 1959 साली त्या लोकगीतं गोळा करणारे अमेरिकन संग्राहक अॅलन लोमॅक्स यांच्याबरोबर अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गावांमध्ये ध्वनिमुद्रण करत फिरल्या. मिसिसिपीतले फ्रेड मॅक्डॉवेल त्यांना भेटले ते कापसाच्या शेतातलं काम आटोपून आले तेव्हा. गिटार ते अनेक वर्षं वाजवत होते, पण त्यांचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं ते पन्नाशी ओलांडल्यावर. आर्कान्सातल्या लोकगायिका अल्मीडा रिडल तेव्हा साठीच्या होत्या. लोकगीतं गोळा करणारे नेहमी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचा पत्ता विचारत जातात. आपल्याकडेही जात्यावरच्या ओव्या ज्यांनी टिपून घेतल्या त्यांनी त्या पोरींकडून घेतल्या नाहीत, आज्यांकडून घेतल्या. लोकसंगीताच्या गायिकेनं वय झालं म्हणून गप्प बसावं, या म्हणण्याला त्या संगीताच्या इतिहासातच आधार नाही.

कॉलिन्स यांनी 1960 च्या आणि 70 च्या दशकात डॉलीबरोबर जे काम केलं त्याला इंग्लंडमध्ये आज मोठा मान आहे. पण सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांचं लग्न मोडलं आणि त्या धक्क्यानं ऐन मंचावर आवाज जायला लागला. कधी गळ्यातून काहीच निघायचं नाही, कधी सूर फाटायचा. अखेर त्यांनी गाणं सोडलं. नंतरची कित्येक वर्षं त्यांनी दुकानांत आणि कचेरीत नोकऱ्या करून काढली. ब्रिटिश म्युझियमच्या दुकानातही त्या कामाला होत्या. गाणाऱ्या बाईला गाण्याविना दिवस काढायला लागणं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको.

डेव्हिड टिबेट या त्यांच्याहून खूप तरुण संगीतकारानं, त्यांनी पुन्हा गावं म्हणून, वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला. 2014 च्या फेब्रुवारीत लंडनच्या युनियन चॅपलमध्ये त्या उभ्या राहिल्या आणि दोन गाणी म्हणाल्या. 2016 साली 'लोडस्टार' आली, तब्बल 38 वर्षांनी. स्टुडिओत जायचा धीर होत नव्हता म्हणून ध्वनिमुद्रण लुइस गावातल्या त्यांच्या घरीच केलं. पूर्वीचा स्वच्छ, उंच आवाज त्यात नाही. पट्टी पार खाली आली आहे, स्वर खरखरीत आहे. पण ती गाणी आहेत खुनाची, बुडालेल्या माणसांची, फसवल्या गेलेल्या मुलींची. विशीतल्या गोड गळ्यातून ती ऐकताना गोष्ट ऐकल्यासारखं वाटतं. या आवाजात ऐकताना वाटतं, ही बाई तिथे हजर होती.

परत आल्यावर मी गवसणी काढली. काळी एकवर तंबोरा लावला आणि खर्जापासून सुरुवात केली.

आता आपल्या लेखातल्या मुख्य मुद्द्याकडे येते. जुनं गाणं म्हाताऱ्या आवाजात बिघडतं, असं लेखक म्हणतात. कॅनडाच्या गायिका-गीतकार जोनी मिचेल यांचं 'बोथ साइड्स नाऊ' घ्या. ढग, प्रेम आणि आयुष्य दोन्ही बाजूंनी पाहून झालं, असं ते गाणं म्हणतं. लिहिलं तेव्हा त्या तेविशी-चोविशीत होत्या, आणि त्या वयात ते म्हणणं म्हणजे हुशार मुलीचं अनुमान. 2000 साली त्यांनी तेच गाणं मोठ्या वाद्यवृंदाबरोबर पुन्हा ध्वनिमुद्रित केलं, आवाज तोवर खूप खाली आला होता. 2015 साली मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. चालणं, बोलणं पुन्हा शिकावं लागलं. गिटारवर बोटं कुठे ठेवायची हे त्यांनी स्वतःचेच जुने व्हिडिओ बघून शिकून घेतलं. लहानपणच्या पोलिओनं डावा हात अशक्त झाल्यामुळे त्यांनी गिटारच्या तारा आपल्या सोयीनं वेगवेगळ्या प्रकारे लावण्याची पद्धत बसवली होती, तेव्हा हे दुसऱ्या कुणी शिकवण्यासारखंही नव्हतं. जुलै 2022 मध्ये अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात त्या अचानक अवतरल्या, खुर्चीत बसून ते गाणं गायल्या. तेव्हा त्या 78 वर्षांच्या होत्या. तिन्ही ध्वनिमुद्रणं एकापाठोपाठ एक ऐकावीत, अशी लेखकांना विनंती आहे. शब्द तेच आहेत. तिसऱ्या खेपेला ते खरे झालेत.

पैशाच्या टोमण्याबद्दल कॅनडाचे कवी-गायक लेनर्ड कोहेन यांचं उदाहरण देते. सत्तरीत असताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्या व्यवस्थापकानं आयुष्यभराची पुंजी लंपास केली आहे. मे 2008 मध्ये ते दौऱ्यावर निघाले, ते पैसे मिळवण्यासाठीच. त्यात लाज कसली? आणि मिळालेल्या पैशाच्या बदल्यात त्यांनी काय दिलं ते पाहा. तीन-तीन तासांचे कार्यक्रम. गुडघे टेकून गाणं. साथीदाराचं एकल वादन सुरू झालं की टोपी काढून त्याच्यासमोर उभं राहणं. 2009 च्या सप्टेंबरमध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात ते मंचावर कोसळले आणि तीन दिवसांनी, आपल्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी, बार्सिलोनात पुन्हा गायले.

कोहेन आपल्या मुंबईशीही जोडलेले होते, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. लॉस एंजेलिसजवळच्या झेन मठात काही वर्षं काढल्यावर 1999 साली ते मुंबईत आले, रमेश बाळसेकरांना ऐकायला. बाळसेकर बँक ऑफ इंडियाच्या सर्वोच्च पदावरून निवृत्त झालेले गृहस्थ आणि निसर्गदत्त महाराजांचे शिष्य. महाराज मराठीत बोलत आणि बाळसेकर परदेशी साधकांना ते इंग्रजीत समजावून देत. कोहेन केम्प्स कॉर्नरच्या एका साध्या हॉटेलात राहत आणि सकाळी बाळसेकरांच्या घरी जाऊन बसत. अनेक वर्षं छळणारं नैराश्य त्यानंतर हळूहळू ओसरलं, असं ते स्वतः सांगत. त्यांच्या उतारवयातल्या गाण्यांत जो निवांतपणा आहे, त्याची एक मुळी आपल्या शहरात आहे, या गोष्टीचं मला फार अप्रूप वाटतं.

शेवटची रेकॉर्ड त्यांनी घरीच केली. पाठीच्या मणक्यांना इजा झालेली, बसायला वैद्यकीय खुर्ची. मुलगा अॅडम यानं समोर मायक्रोफोन ठेवला. लहानपणी ते ज्या माँट्रिअलच्या प्रार्थनामंदिरात जात, तिथल्या गायकवृंदाची साथ घेतली. रेकॉर्ड 21 ऑक्टोबर 2016 रोजी बाजारात आली, आणि 7 नोव्हेंबरला ते गेले. अठरा दिवसही मध्ये नव्हते. त्यांनी मानानं आधीच थांबायचं ठरवलं असतं तर ही रेकॉर्ड झालीच नसती.

सगळ्यांचंच असं होतं, असं माझं म्हणणं नाही. काही जण आधीच मुद्रित केलेल्या आवाजाचा आधार घेतात, तरुणपणच्याच पट्टीत गाण्याचा अट्टहास धरतात, ते ऐकवत नाही. पण तो दोष वयाचा नाही, पट्टी न बदलण्याचा आहे. अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलन यांनी 2020 साली, 79 व्या वर्षी, सगळी नवी गाणी असलेली रेकॉर्ड काढली आणि पुढच्या दौऱ्यात मुख्यतः तीच गायली. जुनी लोकप्रिय गाणी ऐकायला आलेले लोक नाराज झाले. याला थकलेला माणूस म्हणायचं का? त्यांच्याच पिढीतले अमेरिकन गायक-गीतकार पॉल सायमन यांचा डावा कान अधू झाला, तरी 2023 साली त्यांनी 33 मिनिटांची सलग रचना केली.

आपण मराठी श्रोते तर या बाबतीत शहाणे आहोत. सवाई गंधर्व महोत्सवाचा समारोप ज्येष्ठ कलावंतानं करायचा, हा आपल्याकडचा रिवाज. प्रभाताई अत्रे अनेक वर्षं तो करत होत्या. ऐंशी ओलांडलेल्या प्रभाताई कशाला गातात, असं तिथे कुणी विचारलं नाही. थंडीत बसून लोक त्यांच्यासाठी थांबायचे. ज्या कानांनी आपण त्यांना ऐकलं, त्याच कानांनी गिटार घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला ऐकायला काय हरकत आहे?

एक मागणं आहे. अशा कलावंताचं नवं काम येतं तेव्हा त्याच्या वयाची बातमी होते आणि संगीत राहून जातं. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून कुणीतरी त्याबद्दल लिहावं, जसं आपण तिशीतल्या गायकाबद्दल लिहिता. 2023 च्या मे महिन्यात शर्ली कॉलिन्स यांची 'आर्केंजल हिल' आली. तेव्हा त्या 87 वर्षांच्या होत्या. आपल्या पुरवणीत मी तेव्हा बरेच रविवार शोधलं, तिच्यावर एक ओळही नव्हती. ती अजूनही लिहिता येईल. रेकॉर्ड माझ्याकडे आहे, कळवलंत तर कार्यालयात आणून देईन.

आपली,
एक निवृत्त संगीत शिक्षिका
डोंबिवली (पूर्व)