आज वार कोणता?

प्रिय सुहास,

तुझं पत्र परवा मिळालं. "ऊन काय आपल्याला नवीन आहे का? पाणी पितो भरपूर, झालं!" हे वाचलं आणि तुझा तो हात झटकण्याचा आविर्भाव डोळ्यांसमोर आला. मागच्या उन्हाळ्यापर्यंत मीही हेच म्हणालो असतो.

काकांचं तुला त्रोटकच कळवलं होतं. त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास ते खोलीतून बाहेर आले, तर शर्टाची बटणं एक काजं सोडून लावलेली. मला त्यांनी माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारली. मला वाटलं, झोपेतून उठलेत, चेष्टा करतायत. मी चक्क हसलो रे. दहा मिनिटांनी ते खुर्चीतून उठता उठता कोसळले. अंगाला हात लावला तर चटका बसावा असं तापलेलं, आणि घामाचा टिपूस नाही. उन्हात तर त्यांनी पाऊलही टाकलं नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या खोलीत खिडक्या लावून पडून होते.

मी तापाची गोळी शोधत बसलो. शेजारणीनं मात्र काही न विचारता बादलीभर पाणी त्यांच्या अंगावर ओतलं आणि पंखा पुढ्यात ओढला. नंतर डॉक्टर म्हणाले, त्या बादलीनंच वाचवलं. तापात मेंदू स्वतःच शरीराचं तापमान वाढवून ठेवतो, म्हणून गोळी चालते. उष्माघातात उष्णतेला बाहेर पडायला वाटच उरत नाही, तिथं गोळी काय करणार? शरीर ४० अंशांच्या वर गेलं आणि माणूस बरळायला लागला की एकेक मिनिट मोलाचं. आधी गार करायचं, आणि ते चालू ठेवूनच दवाखाना गाठायचा. काका वाचले, पण चालताना त्यांचा तोल अजून जातो.

तेव्हापासून मी जरा वाचायला लागलो. गार करतो तो घाम नव्हे, घामाचं वाळणं. लिटरभर घाम वाळला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता निथळला तर फुकट. म्हणून दमट हवेत पारा कमी दिसला तरी जीव जास्त कासावीस होतो. उष्णता बाहेर टाकायला रक्त कातडीकडे धावतं आणि तेवढं सगळं हृदयाला ओढावं लागतं. आधीच अधू असलेलं हृदय तिथंच थकतं. मग मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदयविकार' लिहिलं जातं, उन्हाचं नावही येत नाही. शिकागोत १९९५ च्या जुलैत ७०० हून जास्त माणसं गेली, त्यांतली कितीतरी एकटी राहणारी, बंद खोल्यांत सापडलेली. युरोपात २००३ च्या उन्हाळ्यात हा आकडा ७०,००० च्या घरात होता. रात्रही तापलेलीच राहिली की शरीराला सावरायला उसंत मिळत नाही.

आता तुझ्याकडे येतो. वीस वर्षं गार ऑफिसात काढून तू या सोमवारपासून बांधकामावर उभा राहणार, आणि वर म्हणतोस, सवय आहे! अरे, उन्हाची सवय अंगी मुरायला आठवडा ते दोन आठवडे लागतात आणि काही आठवड्यांत ती उतरतेही. कामावरचे पहिले दिवसच सगळ्यात धोक्याचे. पहिल्या दिवशी जेमतेम दोन तास उभा राहा, मग रोज थोडं थोडं वाढव. कुणी हसलं तर हसू दे.

आणि ती तुझी रक्तदाबाची गोळी, लघवी जास्त करवणारी. तिनं पाणी आणि क्षार दोन्ही जातात. परस्पर बंद करू नकोस, पण डॉक्टरांना या नव्या कामाचं सांग. तासन्‌तास घाम गाळून नुसतं साधं पाणी ढोसत राहिलास तर रक्तातलं मीठ उतरतं, तेही वाईटच. किती आणि काय प्यायचं, तेही त्यांनाच विचार. अण्णांना तर तहानच लागत नाही म्हणतोस. वयानं तहान मंदावते, तेव्हा ते मागतील म्हणून थांबू नका.

सोमवारी दुपारी तीनला फोन करीन. उचल. आज वार कोणता, एवढंच विचारीन, आणि तू चिडून शिवी दिलीस तर मला बरंच वाटेल.

तुझा,
माधव