चिमीचा चष्मा आणि बाबांची चाळिशी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

चिमीला चष्मा केला. फोनवर चारदा ओठांवर आलं आणि गिळलं, म्हणून लिहितेय. बाबा, आधी सहा महिने डोळ्यांचे व्यायाम करून बघू, असं तुमचं म्हणणं होतं. मी थांबले नाही. मायनस दीड नंबर निघाला. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून पोर मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेत होती आणि मला, तिच्या आईला, पत्ता नाही! तिचा डोळा किंचित लांब वाढलाय, त्यामुळे दूरचं चित्र डोळ्यामागच्या पडद्याच्या अलीकडेच पडतं. ही लांबी व्यायामाने किंवा पाण्याच्या हबक्यांनी कमी होत नाही. खरंच होत असती तर मी तुमचंच ऐकलं असतं.

पण दिवेलागणीपर्यंत आम्हाला घरात फिरकू न देणारे तुम्हीच बरोबर होतात. उजेड लक्समध्ये मोजतात; घरात दिव्याखाली तो तीनचारशे लक्स असतो, बाहेर भर दिवसा दहा हजारांच्या वर. त्या उजेडाने पडद्यात डोपामिन नावाचं रसायन झरतं आणि डोळ्याच्या वाढीला आवर बसतो, असं मानतात. चीनमध्ये ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर ठेवलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या सुमारे ३० टक्के मुलांना मायनस नंबर लागला, इतर शाळांत सुमारे ४० टक्के. चष्मा लागण्याआधी याचा उपयोग जास्त, म्हणून धाकट्याचाही संध्याकाळचा क्लास बंद केलाय.

सुट्टीत दोघं तुमच्याकडे येतील. रोज दोन तास बाहेर, सावलीतही चालेल. सूर्याकडे बघायला लावायचं नाही. आणि बाबा, चिमीचा चष्मा काढून ठेवायचा नाही हं. मला कडेवर घेऊन लांबचे दिवे मोजायचात, तसे तिच्याबरोबर मोजा. चष्म्यातून जास्त सापडतील तिला.

आता तुमचं. चाळिशीशिवाय पेपर वाचता येतो म्हणालात, तेव्हा मीही हरखले होते. पण मोतीबिंदू भिंगाच्या गाभ्यात धरू लागला की जवळचं काही काळ असं सुधारतं आणि लांबचं धूसर होतं. तसंच असेल असं नाही. असलं तरी घाबरण्यासारखं काही नाही, पण बघून घ्यायला हवं. मंगळवारची वेळ मी घेऊन टाकलीय. रागावू नका. बाहुली मोठी करायचे थेंब घालतील, तेव्हा स्वतः गाडी चालवत जायचं नाही. आई, तू सोबत जा आणि त्यांचा काळा चष्मा आठवणीने पर्समध्ये ठेव, परतताना उन्हाने डोळे दिपतील.

तुमची,
मनू