घरच्या गोष्टी तिला फोनवर विचारू नको

सेवाग्राम
बुधवार, रात्र

चि. गजू,
अनेक आशीर्वाद.

सीमाच्या मांडीच्या हाडात आज रॉड टाकला. ऑपरेशन नीट झालं, दुखण्याचं इंजेक्शन घेऊन झोपली आहे. डॉक्टर काय म्हणाले ते तुला फोनवर कळलंच. हे पत्र दुसऱ्या कामासाठी लिहिते. काल दिवसभरात तुझे तिला चार फोन आले. म्हशीची ढेप कुठं आहे, हळदीचा डबा कोणता, बचत गटाच्या बाईला काय सांगू. खाटेवर पडल्या पडल्या ती घर चालवत होती. आता फोन करजो तो फक्त तब्येत विचारायला. बाकी सगळं मी तिला विचारून लिहून घेतलं आहे. हा कागद स्वयंपाकखोलीच्या दारामागे चिकटवून ठेव.

आधी गोठा. म्हैस तुझ्या हाताला लगेच दूध देणार नाही, हे धरूनच चाल. ती सीमाचा हात, आवाज, साडीचा वास ओळखते. नवा माणूस दिसला की पान्हा चोरते. सीमाची जुनी साडी खांद्यावर टाकून बसलास तर गावात कोणी हसेल, हसू दे. वेळ मात्र तीच ठेव, पहाटे पाच अन् संध्याकाळी पाच. ढेपेचं घमेलं तिच्यासमोर ठेवजो, मग वगार सोडजो. वगारीनं थोडं चोखलं की तिला बाजूला बांधून कास कोमट पाण्यानं धुवायची, कोरड्या फडक्यानं पुसायची. पान्हा उतरल्यावर पाच-सात मिनिटंच टिकते, तेवढ्यात धार संपली पाहिजे. मधेच फोन घ्यायला उठलास तर उरलेलं दूध कासेतच राहते, आणि असं रोज झालं की कास दगडासारखी होते. अंगठा मुडपून पिळू नको, सडाला इजा होते. पूर्ण मुठीत सड धरून वरून खाली दाबत ये. पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या वाटीत काढून पाहजो. गुठळ्या किंवा रक्ताची झाक दिसली तर ते दूध कोणाला देऊ नको, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना. धार झाल्यावर तिला अर्धा तास बसू द्यायचं नाही, म्हणून तेव्हाच समोर कुटार खायला टाकजो. सडाचं तोंड तेव्हा उघडं असते, शेणात बसली की घाण आत जाते.

ढेप-चुनी अंगापुरती रोज दीड किलो, वर दोन लिटर दुधामागे एक किलो. ढेपेचं पोतं कोठीत तुरीच्या कोठाराच्या मागे आहे, माप म्हणून एक किलोचा डालडाचा डबा त्यातच आहे. पहिले चार-पाच दिवस दूध कमी होईल. ते हात बदलल्यामुळे, ढेप कमी पडली म्हणून नाही. घाबरून एकदम ढेप वाढवलीस तर पोट बिघडून आणखी कमी होईल.

स्वयंपाकाचं. भाकरीच्या नादी लागू नको. ज्वारीचं पीठ जुनं झालं की चिकटत नाही, थापताना काठ फाटतात, आणि शिकायची ही वेळ नाही. भाकरी मागच्या घरच्या काकू देतील, त्यांच्याकडे चार किलो ज्वारी दळून आजच पोचव. तू वरण, भात, बेसन एवढंच कर. तुरीची डाळ एक वाटी, पाणी तीन वाट्या, हळद अन् तेलाचे दोन थेंब. तेल यासाठी की डाळ फेसाळून कुकरच्या शिट्टीत अडकत नाही. डाळीला कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही. चार शिट्ट्या, मग गॅस बंद, आणि वाफ आपोआप उतरेपर्यंत झाकणाला हात नको. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, ते जड पाणी आहे. नळाचं किंवा कॅनचं घे. बेसन करताना पीठ उकळत्या पाण्यात टाकू नको, गुठळ्या होतात. वाटीभर पीठ थंड पाण्यात कालवून घे, कांदा-मिरचीच्या फोडणीत तीन वाट्या पाणी उकळलं की सराट्यानं ढवळत त्यात सोड. वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर. हळद निळ्या झाकणाच्या बरणीत आहे, तिखट लाल डब्यात. वासावरून ओळखायला जाऊ नको.

बाबांची बीपीची गोळी सकाळी चहानंतर, पाकीट देवघराच्या फळीवर. घेतली का असं विचारू नको, हो म्हणतात. हातावर देऊन पाणी पाज.

पोरांना शाळेत दुपारचं जेवण मिळते, डब्याची धावपळ नको, पण सकाळी दूध-भाकरी खाऊनच पाठव. पिंकीच्या दोन वेण्या तिला स्वतःला घालता येत नाहीत. तेल लावून मधोमध भांग, तीन पेड, रबर शेवटी. दोन दिवसांत जमेल तुला. रविवारी बारीक फणीनं उवा पाहजो. आणि एक गोष्ट नीट ऐक. ती सहावीत आहे. आई दवाखान्यात म्हणून भांडी, झाडलोट, लहान्याची आंघोळ, सगळं हळूहळू तिच्याकडे सरकते, घरातल्या कोणाच्या लक्षातही येत नाही. तसं होऊ देऊ नको. स्वतःचं ताट उचलणं अन् अंथरूण घडी करणं, एवढं पुरे.

नळ एक दिवसाआड येतो, म्हणून गुंड, ड्रम, टाकी सगळं भरून ठेवायची आपल्या घरात सवय आहे. सीमा दर शनिवारी सगळं रिकामं करून घासते. तू हे विसरशील, म्हणून लिहिते. डेंग्यूच्या डासाची अंडी आठ-दहा दिवसांत डास होऊन उडतात. आठवड्यातून एकदा भांडं कोरडं केलं तर ती साखळी तुटते. नुसतं पाणी बदलून होत नाही, अंडी काठाला चिकटलेली असतात, काथ्यानं घासावं लागते. फ्रिजच्या मागचं ताटलीतलं पाणीही ओतजो.

कापूस वेचायला बायका दव उडाल्यावरच लावजो, नऊच्या आधी नको. ओला कापूस वजनाला भरतो म्हणून तू खूश होशील, पण सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात अन् 12 च्या वर घेतच नाहीत. संध्याकाळी वजन करताना पोत्याचं वजन वेगळं काढ आणि प्रत्येकीच्या नावापुढे तिच्यासमोर लिही. वही पिठाच्या डब्यावर आहे. मजुरी बाजाराच्या दिवशी सकाळीच द्यायची, संध्याकाळी नाही, नाहीतर बाईचा बाजार चुकतो. बचत गटाचा हप्ता 10 तारखेला. पैसे देवघराच्या फळीवर, पिवळ्या पुस्तकात. उशीर झाला तर दंड सीमाच्या नावावर लागतो.

आता कागद. रेशनकार्ड अन् सगळ्यांची आधार कार्डं मूळ आणि दोन-दोन झेरॉक्स, एका पिशवीत. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार बसतात. आपलं काय बसलं, काय नाही, ते दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाच्या, आरोग्यमित्राच्या टेबलवर विचारायचं, वॉर्डातल्या कोणाला नाही. रेशनकार्डावर सीमाचं नाव अन् आधारवरचं नाव अक्षरशः जुळते का पाहजो. तिथंच सगळे अडकतात. योजनेत घरी सोडल्यावरची दहा दिवसांपर्यंतची तपासणी अन् औषधंही येतात, म्हणून सुटीचा कागद जपायचा.

सगळ्यात मोठं काम घराचं आहे, आणि ते ती यायच्या आधी व्हायला पाहिजे. पुढचे काही महिने तिला जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, उकिडवं तर नाहीच. पायावर भार किती टाकायचा ते डॉक्टर एक्स-रे पाहून सांगतील. आपल्या घरात सगळं खालीच आहे. गॅसची शेगडी जमिनीवरून उचलून टेबलावर ठेव, नळी ताणली जाणार नाही एवढं अंतर पाहून. सुतळीची बाज काढून टाक, ती झोळ पडते आणि त्यातून उठताना सगळा जोर पायावर येतो. लाकडी दिवाण ठेव, बसल्यावर गुडघे कमरेच्या वर यायला नकोत. गादीसह अठरा ते वीस इंच उंची लागते. कमी पडली तर पायांखाली विटा नको, सरकतात. सिमेंटचे ब्लॉक लाव.

संडासासाठी कमोडची खुर्ची घे, पायांना रबर असलेली, भांड्यावर बसेल अशी. घेण्याआधी आपल्या संडासाची आतली रुंदी टेपनं मोजून जा. भिंतीला धरायला लोखंडी नळी पक्की बसव, खिळ्यावर नाही. वाटेत बल्ब. मधल्या उंबरठ्यावर वॉकर अडकतो. उंबरठा चार इंच आहे, म्हणजे चार फूट लांब उतार पाहिजे. दीड फुटाची फळी टाकशील तर ती चढण होईल अन् वॉकर मागे घसरेल. अंगणातून संडासाकडे जाताना सारवलेलं ओलं असते, तिथं फरशी टाकून घे. पायपुसणी, चटया सगळ्या उचल. वॉकर मोकळ्या हाताच्या मनगटाच्या उंचीचा असतो. सरळ उभं राहून हात खाली सोडला की मूठ तिथं यायला पाहिजे.

रविवारी येताना डबा आणायचा तर मऊ खिचडी, पपई अन् दोन उकडलेली अंडी. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट घट्ट होते, म्हणून पपई. गरम खिचडी डब्यात कोंबून झाकण लावू नको, वाटेत आंबते. वाफ जाऊ दे, मग बंद कर. आत्या येते म्हणाली तर आण, बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. तिच्यासोबत दोन चादरी, सीमाच्या पुढून बटणाच्या मॅक्सी, स्टीलचा मग. आणि वॉर्डात खर्रा घेऊन येऊ नको, तंबाखूनं हाड जुळायला उशीर लागतो, तिच्या नसेच्या, म्हणजे तंबाखूच्या भुकटीच्या, डबीवरही मीच बसले आहे.

चार्जर लांब वायरचा आण. बोर्ड खाटेपासून लांब आहे.

तुझी
आई